‘हा देह माझा’: एका प्रत्ययाचा इतिहास

मनुष्यास आपल्या देहाइतकी परिचयाची वस्तू दुसरी कोणतीही नाही, असा सर्वसाधारण समज आहे. काळोख्या खोलीत, डोळे मिटून, आपले बोट आपल्या नाकाच्या शेंड्यास लावावयाचे म्हटले तर ते अचूक लागते. त्यासाठी कोणी दिवा मागत नाही. तथापि ‘हा हात माझा’ हे तुम्हांस कशावरून कळते, असे कोणी विचारले, तर उत्तर देताना शहाणा मनुष्यही अडखळेल. तो दिसतो म्हणून माझा म्हणावे, तर शेजाऱ्याचा हातही दिसतो. त्यास झालेला स्पर्श कळतो म्हणून माझा म्हणावे, तर हात तुटून वर्षे लोटली तरी त्या हाताची बोटे दुखतात असे सांगणारी माणसे जगात आहेत. माझ्या इच्छेप्रमाणे हालतो म्हणून माझा म्हणावे, तर पक्षाघाताने लुळा पडलेला हात परका झाला असे आपण म्हणत नाही. ज्या गोष्टीविषयी जन्मात कधी शंका आली नाही, तिचा पुरावा गोळा करू लागताच तो असा अपुरा पडू लागतो.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हे. छांदोग्य उपनिषदातील इंद्र व विरोचन ह्यांची कथा वाचकांस ठाऊक असेलच. प्रजापतीने दोघांस पाण्याच्या भांड्यात पाहावयास सांगितले. अलंकार ल्यालेले आपले प्रतिबिंब पाहून विरोचन संतुष्ट झाला, व देह हाच आत्मा असे समजून असुरांकडे परतला. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवरून माघारी फिरला. त्याची शंका अशी की, देहास अलंकार घातले म्हणजे ते प्रतिबिंबासही चढतात. तर मग देह आंधळा, लंगडा किंवा तुटका झाला म्हणजे तेही तसेच होणार. अध्यात्मशास्त्राने ह्या शंकेचा माग आत्म्यापर्यंत नेला. आम्हांस येथे तेवढ्या उंचीवर जावयाचे नाही. देह व ‘मी’ ह्यांच्यामध्ये जी गाठ आहे, जिला शास्त्रकारांनी देहाभिमान असे नाव दिले व जिच्याविषयी संतांनी लोकांस वारंवार सावध केले, ती गाठ मुळात बसते कशी, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. गेल्या सव्वादोनशे वर्षांत ह्या गाठीचा शोध कसकसा लागत गेला आणि त्यात महाराष्ट्राचा धागा कोठे येतो, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

आरंभी एक सोपा दाखला घेऊ. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ, पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पावसाळ्यात काळ्या खडकांवरून कोसळणाऱ्या त्या पाण्याकडे मिनिटभर टक लावून पाहावे, आणि मग दृष्टी बाजूच्या खडकावर न्यावी. तो खडक हळूहळू वर सरकत असल्याचा भास होतो. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स नावाच्या गृहस्थाने स्कॉटलंडातील फॉयर्सच्या धबधब्यापाशी हाच अनुभव घेऊन तो लिहून ठेवला, आणि ह्या प्रकारास पुढे ‘धबधब्याचा भास’ असेच नाव पडले. इस्लापूरहून आगगाडीने मुदखेडच्या जंक्शनात आलेल्या उतारूस दुसरा एक भास अनुभवावयास मिळतो. आपली गाडी उभी असता शेजारच्या रुळावरील गाडी सुटली, की आपणच निघालो असे वाटते, आणि क्षणभर तोल सावरण्यासाठी हातही पुढे जातो. पहिल्या भासात खडक हालला. दुसऱ्यात आपला देहच हालला. स्वस्थ बसलेला देह चालू लागला अशी खोटी वार्ता डोळ्यांनी आणली, व ती खरी मानली गेली.

अर्न्स्ट माख ह्या शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये अशाच गतिसंवेदनांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या वेळेपासून जो विचार दृढ होत गेला तो थोडक्यात असा: देह स्थिर आहे की चालता आहे, ही साधी गोष्टसुद्धा आपणांस थेट कळत नाही. डोळे, कानाच्या आत असलेले तोलाचे इंद्रिय, कातडी, स्नायू व सांधे हे सारे आपापली साक्ष देतात, आणि मेंदू पंचांप्रमाणे त्या साक्षी ऐकून निवाडा करतो. साक्षी जुळल्या म्हणजे निवाडा झाल्याचे आपल्या गावीही नसते. त्या जुळल्या नाहीत म्हणजे मात्र पंचायत उघड्यावर येते. पुढील सर्व इतिहास ह्या निवाड्यांचाच आहे.

इस्लापूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात माहूर आहे, आणि देहाच्या विचारात माहूरचे नाव निघाले की परकायाप्रवेश आठवल्यावाचून राहत नाही. महानुभाव परंपरा असे सांगते की, फलटणच्या चांगदेव राऊळांस माहूर येथे दत्तात्रेयांचा अनुग्रह झाला. पुढे द्वारावतीस त्यांनी आपला देह ठेवला व भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळ ह्याच्या मृत देहात प्रवेश केला. तेच श्रीचक्रधर होत. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका तर सर्वश्रुतच आहे. ह्या कथांच्या खरेखोटेपणाचा निकाल आम्हांस करावयाचा नाही; श्रद्धेचा तो प्रांत निराळा. परंतु विचारांच्या इतिहासात त्यांचे मोल आहे. अमरूच्या आख्यायिकेत आचार्यांस राजदेहात राहता राहता आपल्या मूळ स्वरूपाचे विस्मरण पडू लागते, आणि शिष्यांस तेथे जाऊन त्यांना जागे करावे लागते. देह पालटला तर आतला मनुष्यही पालटेल की काय, ही धास्ती त्या कथाकारास होती. ह्या धास्तीची परीक्षा करण्याची साधने मात्र त्याच्या काळी नव्हती.

परीक्षेचा इतिहास एका कापलेल्या नाकापासून सुरू करावा लागतो, आणि ते नाक पुण्याजवळ बसविले गेले. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या कैदेत सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले ह्या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तिची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आली.

कृती अशी होती. प्रथम नाकाच्या थोट्यावर बेताची मेणाची पातळ चकती बसवून पाहावयाची. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवावयाची आणि तिच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवावयाची; मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच राखावयाची, म्हणजे तिच्यातून रक्ताचा पुरवठा चालू राहतो. सोडवलेली कातडी उलटी फिरवून खाली आणावयाची, नाकाच्या थोट्याशी काप घेऊन त्यात बसवावयाची, आणि वर काथात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेल्या पट्ट्या लावीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी दोन डोळ्यांमधील ती राखलेली पट्टी कापली, की काम झाले. सुश्रुताने नाकासाठी गालाची कातडी घ्यावयास सांगितली आहे. ह्या कारागिराच्या परंपरेत ती कपाळाची झाली होती. लंडनच्या जोसेफ कार्प्यू ह्यांनी १८१४ मध्ये हीच पद्धत इंग्लंडात करून दाखविली, १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि लौकरच जर्मनीतही ती रुजली.

येथवरचा भाग शस्त्रविद्येच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो, आणि तो सांगताना आपणांस अभिमानही वाटतो. आम्हांस ज्याचे महत्त्व वाटते ते निराळेच आहे. कपाळाच्या कातडीचे नाक झाले. परंतु त्या कातडीतील ज्ञानतंतू जोवर दोन डोळ्यांमधील पट्टीतून कपाळाशी जोडलेले आहेत, तोवर त्या नाकास स्पर्श केला असता तो रोग्यास कपाळावर झालासा वाटतो. बर्लिनचे शरीरशास्त्रज्ञ योहान्नेस म्यूलर ह्यांनी १८३० नंतरच्या दशकात लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ह्या चमत्काराची नोंद घेतली आहे. आरशात नाक दिसते. लोक त्यास नाक म्हणतात. पण बोट लावले तर आतून उत्तर येते की हे कपाळ. कातडी जागा सोडून गेली, तरी मेंदूतील तिचे घर मात्र पूर्वीच्याच ठिकाणी राहिले. पुण्याजवळच्या कारागिराच्या हातांनी युरोपास नाक करावयास शिकविले, एवढेच नव्हे; आपल्या देहाचा जो नकाशा आपण आत बाळगतो तो व प्रत्यक्ष देह ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे युरोपच्या शास्त्रज्ञांस दाखविण्याचे साधनही त्या शस्त्रक्रियेने पुरविले.

आणि कावसजीचा हात? तो कापला गेला एवढीच त्या पत्रातील नोंद. नाक दिसते, म्हणून त्याची चर्चा झाली. जो हात उरलाच नाही त्याविषयी विचारण्यासारखे काही आहे, असे त्या काळी फार थोड्यांस सुचले होते. मात्र अगदीच कोणास सुचले नव्हते असे नाही. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाज पारे ह्यांनी सोळाव्या शतकातच लिहून ठेवले होते की, पाय कापलेले सैनिक त्या नसलेल्या पायात वेदना होतात असे सांगतात. तत्त्वज्ञ देकार्त ह्याने १६४४ च्या आपल्या ग्रंथात एका मुलीची गोष्ट दिली आहे. तिचा हात सडल्यामुळे कोपरापर्यंत कापावा लागला. शस्त्रवैद्य येई तेव्हा तिचे डोळे बांधीत, आणि हाताच्या जागी कापडाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असल्यामुळे हात गेला हे तिला कितीतरी दिवस कळलेच नाही. त्या अवधीत ती नसलेल्या हाताची कधी हे बोट तर कधी ते बोट दुखते म्हणून तक्रार करीत असे. देकार्तने ह्यावरून अनुमान काढले की, वेदनेचे ज्ञान बोटात होत नाही, मेंदूत होते.

अमेरिकेतील यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पुढे आला. फिलाडेल्फियाचे वैद्य सायलस वीअर मिचेल ह्यांनी अशा रोग्यांचा अभ्यास केला. परंतु त्यांनी आपला विषय प्रथम लोकांपुढे मांडला तो एका कथेच्या रूपाने. १८६६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात, चारही अवयव गमावलेल्या एका काल्पनिक सैनिकाचे आत्मवृत्त त्यांनी नाव न देता छापविले. वाचकांस ते इतके खरे वाटले की, त्या सैनिकाच्या मदतीसाठी कित्येकांनी पैसे पाठविले. पुढे १८७१ मध्ये मिचेल ह्यांनी आपल्या नावाने लेख लिहून ह्या भासास इंग्रजीत जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘भुताचा अवयव’ असा होतो. मराठीत आम्ही त्यास छायावयव म्हणू. मिचेल ह्यांचे खरे मोठेपण असे की, त्यांनी रोग्याचे बोलणे खरे धरले. तोपर्यंत अवयव गेलेला मनुष्य गेलेल्या अवयवाचे दुखणे सांगू लागला, तर त्याला वेडा ठरवतील ह्या भयाने तो ते मनातच ठेवी.

आपल्याकडेही लढाईमुळेच ह्या विषयाची निकड भासली. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पुढे तेथे नागरिकांचीही सोय झाली. कृत्रिम पाय बसविणे म्हणजे लाकूड व चामडे मापात बेतणे, असे बाहेरून पाहणारास वाटते. वास्तविक त्यातील अवघड भाग पुढेच असतो: तो निर्जीव पाय ‘माझा’ झाला पाहिजे. ह्या बाबतीत हेन्री हेड व गॉर्डन होम्स ह्या इंग्रज वैद्यांचा १९११ मधील निबंध मार्गदर्शक ठरला. मेंदूत आपल्या देहाचा एक आराखडा सतत तयार होत असतो व प्रत्येक हालचालीबरोबर तो नवा होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. हा आराखडा कातडीपाशी थांबत नाही. बाईच्या टोपीवरील पिसाच्या टोकापर्यंतही तो पोहोचतो, असे त्यांनी म्हटले आहे. टोपीच्या जागी डोईवरची घागर घेतली, म्हणजे आपल्या वाचकांस हे लगेच पटेल. बुटक्या दारातून जाताना बाई जी वाकते ती स्वतःच्या उंचीपुरती वाकत नाही, घागरीच्या उंचीपुरती वाकते. आंधळ्या मनुष्यास जमीन लागते ती मुठीत नव्हे, काठीच्या टोकाशी. ममत्व असे देहाबाहेर जाऊन वस्तूत शिरू शकते.

ते वस्तूत कसे शिरते, ह्याचा उलगडा होण्यास आणखी ऐंशी-नव्वद वर्षे लागली. १९३७ मध्ये कॅनडातील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड ह्यांनी जागृत रोग्यांच्या मेंदूस विजेचा सौम्य स्पर्श करून, देहाचा कोणता भाग मेंदूत कोठे नोंदला आहे ह्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हाताची जागा चेहऱ्याच्या जागेस लागून आहे. मद्रासेत वैद्यक शिकून पुढे कॅलिफोर्नियात गेलेले विलयनूर रामचंद्रन ह्यांनी १९९० नंतर ह्या शेजाराचा अर्थ लावला. हात गेलेल्या काही रोग्यांच्या गालास त्यांनी कापसाच्या बोळ्याने स्पर्श केला, तेव्हा तो स्पर्श गालावर तर कळलाच, शिवाय नसलेल्या हाताच्या बोटांवरही कळला. हाताचे ओसाड पडलेले घर शेजारच्या गालाने व्यापले होते, असे ह्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. नाकास लावलेले बोट कपाळास लागते, आणि गालास लावलेला कापूस नसलेल्या अंगठ्यास लागतो, हे दोन्ही प्रकार एकाच घराण्यातले होत.

रामचंद्रन ह्यांच्या रोग्यांपैकी काहींची तक्रार अशी होती की, नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळलेली आहे, नखे तळव्यात रुतत आहेत, आणि ती मूठ काही केल्या उघडत नाही. ह्यावर त्यांनी योजलेला उपाय अगदी साधा होता. रोग्यापुढे एक आरसा उभा ठेवावयाचा व धडका हात त्याच्या पुढच्या बाजूस ठेवावयाचा, म्हणजे त्याचे प्रतिबिंब बरोबर गेलेल्या हाताच्या जागी दिसते. मग दोन्ही मुठी एकदम उघडण्याचा प्रयत्न करावयाचा. डोळ्यांस गेलेला हात उघडताना दिसला, आणि कित्येकांची वर्षानुवर्षे आवळलेली मूठ सुटली. १९९५ मध्ये ह्या प्रयोगाचे वृत्त प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये अमेरिकेत पाय गमावलेल्या सैनिकांवर ह्याची तुलनात्मक परीक्षा घेण्यात आली. एका गटाने आरशात पाहून व्यायाम केला, दुसऱ्याने झाकलेल्या आरशापुढे, तिसऱ्याने केवळ मनात कल्पून. चार आठवड्यांनी आरशाच्या गटातील सहाही जणांचे दुखणे कमी झाले होते. इतर दोन गटांत तसा गुण थोड्यांसच आला. ही परीक्षा लहान होती, आणि पुढील अनुभवावरून सर्वच रोग्यांस आरशाने गुण येतो असेही नाही. तथापि विरोचनास ज्या प्रतिबिंबाने फसविले, त्याच प्रतिबिंबाने येथे काही पीडितांस आराम दिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी खास आहे.

आतापर्यंतची सर्व उदाहरणे जखमी देहांची झाली. धडधाकट मनुष्याचे ममत्वही असेच हलविता येईल काय? १९९८ मध्ये अमेरिकेतील बॉट्विनिक व कोहेन ह्या दोघा संशोधकांनी ह्याचे उत्तर एका रबरी हाताने दिले. मनुष्याचा खरा हात पडद्याआड लपवून त्याच्यासमोर रबरी हात ठेवला, आणि दोन्हींवर दोन कुंचले एकाच वेळी, एकाच जागी फिरविले. डोळ्यांस कुंचला रबरी हातावर दिसे, कातडीस तो खऱ्या हातावर लागे. थोड्याच वेळात बहुतेकांस रबरी हात आपलासा वाटू लागला. डोळे मिटून आपला हात दाखवा म्हटले, तर त्यांचे बोट खऱ्या हातापासून ढळून रबरी हाताच्या दिशेने जाई. कुंचले मागेपुढे फिरविले, तर मात्र जादू ओसरे. सारे रहस्य ह्या एककालिकत्वात आहे. दोन साक्षीदार एकाच क्षणी एकच गोष्ट सांगू लागले, की पंच ती खरी मानतात. सांगणे क्षणभर मागेपुढे झाले, की संशय घेतात.

हाताचे जे झाले ते साऱ्या देहाचे होईल काय, हा पुढचा प्रश्न स्वीडनचे संशोधक हेन्रिक एर्सन ह्यांनी हाती घेतला, आणि त्यासाठी त्यांनी जे उपकरण वापरले त्याचा उगम देहविचारात नव्हता. १९६८ मध्ये अमेरिकेतील आयव्हन सदरलंड ह्यांनी डोक्यावर बसविण्याचा एक पडदा तयार केला. त्यात दोन डोळ्यांस किंचित वेगळी चित्रे दिसत, आणि डोके वळविले की चित्रही त्याप्रमाणे पालटे. त्यामुळे पाहणारास आपण त्या चित्राच्या आत उभे आहोत असे वाटे. १९८० नंतर ह्या विद्येस व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी सृष्टी, हे नाव रूढ झाले. २००७ मध्ये एर्सन ह्यांनी आणि स्वित्झर्लंडातील ओलाफ ब्लांके ह्यांच्या मंडळीने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा उपकरणातून मनुष्यास त्याची स्वतःचीच पाठ समोर दाखविली. ब्लांके ह्यांच्या प्रयोगात पाठीवर होणारा स्पर्श त्या समोरच्या पाठीवर त्याच क्षणी होताना दिसे. मग त्या मनुष्यास आपण आहोत त्याहून पुढे आहोत असा प्रत्यय येई. पुढील वर्षी एर्सन व त्यांच्या सहकारी पेत्कोवा ह्यांनी एका पुतळ्याच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरे लावून ते चित्र मनुष्यास दाखविले. मान खाली घातली की पुतळ्याचा देह आपल्या देहाच्या जागी दिसे. दोघांच्या पोटांवर एकदम स्पर्श करताच पुतळ्याचा देह आपला वाटू लागे, व त्या पुतळ्यावर सुरी उगारली असता मनुष्याच्या अंगास घाम फुटल्याची नोंद यंत्रावर होई. दुसऱ्या एका प्रयोगात समोरच्या व्यक्तीच्या दृष्टीने पाहणारा मनुष्य स्वतःशीच हस्तांदोलन करीत होता. परकायाप्रवेशाची जुनी कल्पना प्रयोगशाळेत अवतरली ती अशी. येथे आत्म्यास कोठे जावे लागले नाही, साक्षी बदलताच ‘मी’ कोठे आहे ह्याचा निवाडा बदलला.

अमरूच्या आख्यायिकेतील धास्तीही मग परीक्षेस आली. बार्सिलोना येथील मेल स्लेटर व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१३ मध्ये प्रौढ माणसांस आभासी सृष्टीत चार वर्षांच्या मुलाचा देह दिला, आणि तुलनेसाठी तेवढ्याच उंचीचा, पण प्रौढ घडणीचा देहही दिला. दोन्ही देहांत वस्तू प्रत्यक्षापेक्षा मोठ्या वाटल्या. मुलाच्या देहात त्या आणखी मोठ्या वाटल्या. उंची सारखी असूनही फरक पडला, अर्थात तो केवळ डोळ्यांच्या पातळीमुळे पडला नव्हता. मूल झाल्याच्या प्रत्ययाने पडला होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात गोऱ्या माणसांस काळ्या वर्णाचा देह दिला असता, त्यांच्या मनातील नकळत असलेला वर्णद्वेष कमी झालेला आढळला. ह्या दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे आलेले नाहीत, म्हणून त्यावरून समाजसुधारणेचे मनोरथ रचणे उतावीळपणाचे होईल. अमरूचा कथाकार निरर्थक भीत नव्हता, एवढे मात्र म्हणता येते.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेतील की, हे सारे भास होत. रबरी हात रबरीच राहिला, आणि प्रयोग करणारा मनुष्यही ते विसरला नव्हता. आक्षेप खरा आहे, पण त्याने मुद्दा ढळत नाही. उलट पक्का होतो. ‘हा हात रबरी आहे’ हे ज्ञान बुद्धीस असूनही ‘हा माझा’ हा प्रत्यय आला. अर्थात तो प्रत्यय बुद्धीच्या आज्ञेत नाही. म्हणूनच छायावयवाच्या रोग्यास ‘अरे, तुझा पाय गेला, आता दुखायचे काय’ असे समजावून काही उपयोग होत नाही. पाय गेला हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. दुसरा विचार सावधगिरीचा आहे. जी विद्या दुखणे उतरविते तीच मनुष्याच्या ‘मी’पणापर्यंत पोहोचते, आणि ती आता प्रयोगशाळेतून बाजारात आली आहे. खेळाच्या नावाखाली मुलांस कोणता देह द्यावा, त्यात किती वेळ ठेवावे, व त्या वेळी त्यांच्या डोळ्यांच्या व हातांच्या हालचालींची जी नोंद होते ती कोणाच्या हाती राहावी, हे प्रश्न घरोघरच्या आईबापांचे आहेत. ते यंत्रे विकणारांवर सोपविण्याजोगे नव्हेत.

ह्या इतिहासातून आम्हांस जे मुख्य वाटते ते सांगून लेख पुरा करतो. देहाभिमान हा केवळ दोष आहे, असे ऐकण्याची आपणांस सवय आहे. मोक्षमार्गावर तो तसा असेलही. परंतु संसारात तो मेंदूचे एक अखंड चाललेले काम आहे, आणि ते काम बिघडले म्हणजे मनुष्याचे फार हाल होतात. मराठवाड्याच्या खेड्यांत मळणीयंत्रात अथवा कडबा कापण्याच्या यंत्रात हात जातो. मधुमेहाने पाय कापावा लागतो. असा मनुष्य घरी परतल्यावर रात्री गेलेल्या पायास खाज सुटते म्हणून सांगू लागला, की घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत; कोणी उतारा काढतो, कोणी देवऋषी शोधतो. तो बिचारा मग बोलणेच सोडतो. पारेपासून मिचेलपर्यंत व मिचेलपासून एर्सनपर्यंत ज्यांनी ज्यांनी ह्या विद्येत भर घातली, त्यांनी आधी अशा माणसांचे ऐकून घेतले, यंत्रे नंतर आणली. महागड्या उपकरणांची सोय प्रत्येक तालुक्यात नसेल. पण आरसा प्रत्येक घरात आहे, आणि जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने त्याचा उपयोग करून पाहण्यास खर्च येत नाही. त्याही आधी करण्याजोगी गोष्ट तर कोणासही करता येईल. कावसजीस जे कोणी विचारले नाही, ते अशा मनुष्याजवळ बसून विचारावे: तुमचा तो हात आता कसा आहे?